सोळा भोकांचं कार्ड : शेवटच्या वर्षाच्या गेम प्रोजेक्टच्या नोंदी

आम्ही तिघं. मी कोड लिहिते, मैत्रीण चित्रं काढते, आणि तिसऱ्या गड्याकडे आवाज, टेस्टिंग आणि चहा. शिक्षण कॉम्प्युटर सायन्सचं, सोलापुरातल्या एका कॉलेजात. पुढच्या वर्षी कुणी गेमचा प्रोजेक्ट घेणार असेल तर आमचे वाया गेलेले दिवस त्याच्या उपयोगी पडावेत म्हणून वहीतल्या नोंदी जशा होत्या तशा उतरवतेय. शुद्धलेखन तेवढं सुधारलंय.

५ ऑगस्ट २०२४

विषय द्यायची शेवटची तारीख. बाकीच्या ग्रुपांनी हॉस्पिटल मॅनेजमेंट, लायब्ररी मॅनेजमेंट, मेस मॅनेजमेंट असं घेतलं. आम्ही ‘थ्रीडी गड्डा यात्रा’ असं लिहून दिलं. गड्डा यात्रा म्हणजे सोलापुरातली सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा. गाईड सर म्हणाले, “सिलॅबसमध्ये गेम कुठंय?” नाहीच. ग्राफिक्सचा एक पेपर आहे, त्यात रेषा कशी काढायची याचं गणित आपण कागदावर सोडवतो, संपलं. पण सरांनी अडवलं नाही. ऑक्टोबरच्या रिव्ह्यूला चालणारं काहीतरी दाखवा, एवढीच अट घातली.

आमची यादी अशी होती : सिद्धेश्वराचं मंदिर, तलाव, होम मैदान, सातही नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच, सजवलेल्या काठ्या), अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावरच्या अक्षता आणि शेवटी शोभेचं दारूकाम. हसू नका. त्या दिवशी हे चार महिन्यांचं काम वाटलं होतं.

१९ ऑगस्ट

इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, निवडण्यात दोन आठवडे गेले. आधी अनरिअल घेतलं, कारण व्हिडिओत ते भारी दिसतं. माझ्या घरी वायफाय नाही, दिवसाला दीड जीबीचा पॅक. म्हणून जुळे सोलापूरला मैत्रिणीच्या घरी दोन रात्री डाउनलोड लावून बसलो. ते उघडलं, आणि लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. इंजिनाचा काही दोष नाही, बैलगाडीला आम्ही रेल्वेचा डबा जोडत होतो.

मग गोडो. नुकतंच १५ तारखेला ४.३ आलंय. झिप फाइल शंभर एमबीचीसुद्धा नाही, इन्स्टॉल करायचं नाही, उघडायचं आणि वापरायचं. एमआयटी लायसन्स, त्यामुळे पुढे विकला तरी कुणाला काही द्यायचं नाही. इथंही एक दिवस घालवलाच : नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग) कुठला ते विचारतो, आम्ही पहिलाच पर्याय ‘फॉरवर्ड प्लस’ ठेवला. रिकाम्या सीनवरसुद्धा अडखळत होतं. ‘कम्पॅटिबिलिटी’ केल्यावर गुपचूप चाललं. साधा लॅपटॉप असेल तर सुरुवातच तिथून करा.

९ सप्टेंबर

गणपती बसलेत. रात्रीच्या आरतीनंतर काम.

आमचा माणूस मुंगीसारखा चालत होता. वेग ५ दिला होता. मी तो वाढवत वाढवत ३०० केला, मग बरा चालायला लागला. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तोच माणूस दुप्पट वेगानं पळाला. दोघींनी एकमेकींच्या लॅपटॉपला नावं ठेवली.

कारण निघालं ते असं. यूट्यूबवर बघून मी वेगाला डेल्टानं गुणलं होतं. डेल्टा म्हणजे दोन फ्रेममधला वेळ. पण गोडोचं ‘मूव्ह अँड स्लाइड’ फंक्शन हा हिशोब आतल्या आत स्वतःच करतं. म्हणजे गुणाकार दोनदा. माझ्याकडे सेकंदाला ६० फ्रेम पडत होत्या, तिच्याकडे ३०. डेल्टा दुप्पट झाला की वेगही दुप्पट. गुणाकार काढला, वेग परत ५ केला, कोड फिजिक्सच्या फंक्शनमध्ये हलवला. पाच दिवस गेले. ओळ एकच होती.

३० सप्टेंबर

मैत्रिणीनं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पहिला नंदीध्वज पूर्ण केला. अकरा तास लागले. छान झालाय, बाशिंगासकट. मग आम्ही पहिल्यांदाच बसून बेरीज केली. देऊळ, तलावाच्या पायऱ्या, काठी पेलणारा माणूस, त्याची चाल, पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी, दुकानं, पाळणे. बेरीज आली ६४० तास. तिघांनी आठवड्याला प्रत्येकी बारा तास दिले आणि चौदा आठवडे मिळाले असं धरलं तरी ५०४ होतात. त्यात परीक्षा धरलेली नाही. आणि गर्दीतली २०० माणसं एकदम उभी केली की स्क्रीन सेकंदाला नऊ फ्रेमवर येते.

आकडे समोर होते. तरी थांबलो नाही. ‘बघू, जमेल’ म्हणत अजून तीन आठवडे ओढलं. बग तर सापडला की दुरुस्त होतो, हे तीन आठवडे कुठूनच परत मिळाले नाहीत.

२१ ऑक्टोबर

रिव्ह्यू. माणूस तलावाच्या पायऱ्यांवरून आरपार खाली पडला आणि पडतच राहिला. पायऱ्यांचं चित्र होतं, टक्कर ओळखणारा आकार द्यायचा राहिला होता. सगळे हसले, आम्हीही हसलो.

सर हसले नाहीत. म्हणाले, “बरं, पडला नसता तर खेळणाऱ्यानं काय केलं असतं?”

मी म्हटलं, “चालला असता सर.”

“आणि?”

तिसरा गडी म्हणाला, “अजून चालला असता.”

७ नोव्हेंबर

दिवाळी झाली. साफसफाईत आजीच्या कपाटाखाली पायाला टेकू दिलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या निघाल्या. लांबट, पिवळट, भोकंच भोकं. आजी म्हणाली, “तुझ्या आजोबाच्या टायमाचे कार्ड हायत ते. चादरीचे.”

लहानपणी मी त्यांतून पेन्सिल घालून ठिपके काढायचे. आज नीट बघितलं. भोक आहे किंवा नाही. एक किंवा शून्य. एक पट्टी म्हणजे चित्राची एक ओळ.

रात्री दोघांना फोन केला. मैत्रीण आधी रडकुंडीला आली, तिच्या अकरा तासांच्या नंदीध्वजाचं काय? तिची समजूत काढायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस वाया गेले असं मी धरत नाही.

१२ नोव्हेंबर

मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात आहे. तिघंही गेलो. आत बोलणं ऐकू येत नाही, खाणाखुणांनीच चालतं. मामानं एका म्हाताऱ्या गृहस्थांशी गाठ घालून दिली. सगळे त्यांना तात्या म्हणतात. पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलतात, चाळीस वर्षं कार्ड पंचिंग केलं. आता बसून असतात, पण सकाळी एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना करमत नाही.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत : मागाच्या डोक्यावर जॅकार्डचं मशिन असतं. कार्ड पुढं आलं की जिथं भोक असेल तिथला हूक वर उचलला जातो, त्याला बांधलेले उभे धागे वर येतात. भोक नसेल तिथले खालीच राहतात. मधल्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन पळतो. मग पुढचं कार्ड. कार्डं एकमेकांना दोरीनं शिवलेली, माळ करून फिरत असतात. डिझाईनवाला आधी ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवतो, पंचिंगवाला त्यावरून भोकं मारतो.

मैत्रीण माझ्या कानात ओरडली, “पिक्सेल आर्ट आहे हे!” ती गेली दोन वर्षं त्याच चौकोनांत चित्रं काढतेय. फ्रान्समध्ये जॅकार्डनं हे मशिन १८०४ च्या सुमाराला केलं, एवढं आम्हाला कॉम्प्युटरच्या इतिहासात एका ओळीत शिकवलं होतं. परीक्षेत एक मार्काला येतं. ते आमच्या गावात अजून खटखटतंय हे त्या ओळीत नव्हतं.

गेम ठरला : समोर एक नक्षी दिसते. तुम्ही कार्डांना भोकं मारायची. माग चालवायचा. निघालेलं कापड नक्षीशी जुळलं तर पुढची लेव्हल.

खरी चादर दुपदरी असते, आमच्या गेममध्ये एकच पदर आहे. भोक म्हणजे उभा लाल धागा वर, नाहीतर आडवा पांढरा. एवढं सोपं केलंय.

२५ नोव्हेंबर

या वेळी कोडला हात लावायच्या आधी कागदावर खेळून बघितलं. ग्राफची वही ४० रुपये. भोक म्हणून ज्वारीचे दाणे. माझी चुलतबहीण सातवीत आहे, तिला बसवलं. मी माग झाले, म्हणजे ती एक ओळ दाणे मांडणार आणि मी लाल पेननं ती ओळ रंगवणार. तासभर उठली नाही. मग आजी दाणे पाखडायला घेऊन गेली.

थ्रीडीच्या अडीच महिन्यांत कुणी आमच्या गेमसमोर तासभर बसलं नव्हतं.

८ डिसेंबर

गोडोमध्ये पहिली आवृत्ती. ६४ गुणिले ६४ घरं. प्रत्येक घर म्हणजे एक बटण. पुढची बाजू ४,०९६ आणि चादर उलटून दाखवायची म्हणून मागची ४,०९६. लॅपटॉपवर चाललं. तिसऱ्या गड्याच्या फोनवर सेकंदाला अकरा फ्रेम आणि फोन तव्यासारखा गरम.

२२ डिसेंबर

परीक्षेच्या मधल्या सुट्टीत उत्तर सापडलं. आठ हजार बटणं ठेवायचीच नाहीत. एकच इमेज ठेवायची, ६४ पिक्सेल रुंद, ६४ उंच. भोक मारलं की त्या इमेजमधला एक पिक्सेल बदलायचा, टेक्श्चर (त्या इमेजची ग्राफिक्सकडची प्रत) अपडेट करायचं, आणि ती इमेज मोठी करून दाखवायची. बोट कुठं लागलं ते भागाकारानं काढायचं. फोनवर ६० फ्रेम आल्या.

मोठी केल्यावर कडा धुरकट दिसत होत्या. टेक्श्चरचं फिल्टर ‘लिनियर’ असतं, ते ‘निअरेस्ट’ करायचं. याला दहा मिनिटं लागली, कारण मैत्रिणीला माहीत होतं. मला विचारायला सुचेपर्यंत एक संध्याकाळ.

२८ डिसेंबर

मामी घरी आली होती. तिला मागची बाजू कौतुकानं दाखवली. चादर पालथी केली की रंगांची अदलाबदल होते, लालच्या जागी पांढरा. तेवढं बरोबर केलं होतं. नक्षीत ‘सो’ अक्षर होतं. मामी म्हणाली, “उलट्या बाजूला अक्षर सुलटं कसं काय दिसायलंय?”

रंग उलटले होते, डावं-उजवं उलटवायचं राहिलं होतं. मी आणि मैत्रीण रोज ती बाजू बघत होतो. मामीनं रोज चादरींच्या घड्या घातल्यात.

१४ जानेवारी २०२५

गड्डा यात्रा चालू आहे. फोन घेऊन यात्रेत टेस्टिंग करायची कल्पना तिसऱ्या गड्याची. उन्हात स्क्रीन दिसत नाही, गोंगाटात आवाज ऐकू येत नाही, आणि गड्ड्यात आलेल्या माणसाला पाळण्यात बसायचं असतं, आमच्या गेममध्ये नाही. तरी नऊ जणांनी खेळून दिलं. नऊही जणांची तक्रार एक : “बोट एकीकडं, भोक दुसरीकडं.”

घरी येऊन पट्टीनं मोजलं. यात्रेच्या आधी घरं कमी करून ३२ बाय ३२ केली होती. आडव्या धरलेल्या फोनची उंची ६८ मिलिमीटर, म्हणजे एक घर दोन मिलिमीटरचं. बोटाचं टोक आठ-दहा मिलिमीटरचं. आम्ही लॅपटॉपवर माउसनं खेळत होतो, म्हणून कधी कळलं नाही.

१९ जानेवारी

झूम टाकून बघितलं. दोन बोटांनी मोठं करायचं, सरकवायचं, भोक मारायचं, परत लहान करायचं. मलाच वैताग आला. भिंग टाकून बघितलं, ते बोटाखालीच जायचं.

तात्यांना दाखवायला कन्ना चौकाजवळ त्यांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला.

“काय करायलीस गं बाळा, एवढ्याशा घरात बोट मावतंय व्हय?”

मी म्हटलं, “तेच अडलंय तात्या. अख्खी नक्षी दाखवायची तर घरं लहान होतात.”

“अख्खी कशाला दाखवतीस? आम्ही काय अख्खी चादर एकदम मारत हुतो? एक कार्ड घ्यायचं, ग्राफवरची एक लाईन बघायची, मारायचं. मग दुसरं.”

बसमध्ये बसल्या बसल्या वहीत काढलं. खाली एकच कार्ड, मोठं, सोळा भोकांचं. आडव्या फोनवर एक भोक साधारण आठ मिलिमीटर. वर लहानशी नक्षी, तिच्यात चालू ओळ पिवळी. कार्ड झालं की वर सरकवायचं, ते माळेत शिवलं जातं. कारखान्यात हे सगळं मी नोव्हेंबरमध्येच बघितलं होतं. बघून आले आणि घरी बटणं मांडत बसले.

२ फेब्रुवारी

मराठी मजकूर. यात मी सावध होते, कारण गोडो ३ मध्ये देवनागरी मोडते, वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षर तुटतं, हे ऐकून होते. गोडो ४ मध्ये अक्षरं जोडणारी हार्फबझ ही लायब्ररी आत आहे. ‘क्षत्रिय’, ‘ज्ञानेश्वर’, ‘र्‍हस्व’ असं सगळं टाकून बघितलं, नीट आलं.

अडलं दुसरीकडेच. तात्यांचं पात्र बोलतं तेव्हा अक्षरं एकेक करून उमटतात. इंग्रजीत छान दिसतं. मराठीत ‘चि’ लिहिताना आधी ‘च’ दिसायचा आणि मग वेलांटी आली की तो टुणकन उजवीकडे सरकायचा. ‘स्त्री’ तर चार वेळा रूप बदलायची. वाचणाऱ्याला चक्कर यावी. गोडोत मजकूर दाखवणाऱ्या ‘लेबल’च्या सेटिंगमध्ये ‘व्हिजिबल कॅरॅक्टर्स बिहेव्हियर’ आहे. मुळात ते अक्षरं जोडायच्या आधी मोजतं, ते ‘आफ्टर शेपिंग’ केलं. आता पूर्ण शब्द आधी जुळतो आणि मग उघडत जातो. हे शोधायला चार दिवस, कारण माझ्याआधी कुणी मराठीत तक्रार केलेली मला सापडली नाही. म्हणून इथं लिहून ठेवतेय.

आणि एक : ‘ल’ आणि ‘श’. फॉन्टमध्ये मुळात हिंदी वळणाचे असतात. आपल्या वळणाची सोय फॉन्टमध्ये असेल तर लेबलची भाषा ‘मराठी’ ठेवल्यावर ती चालू होते. सरांना फरक दिसला नाही. आजीला दिसला.

पिक्सेल फॉन्टचा नाद मैत्रिणीनं दोन दिवस केला. आठ पिक्सेल उंचीत मात्रा आणि अनुस्वार कुठं बसवणार? सोडून दिलं, मुक्ता फॉन्ट घेतला. तो फुकट आहे आणि लहान आकारातही वाचता येतो.

१६ फेब्रुवारी

मागाचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला. पहिल्यांदा नुसता खर्र. आवाज इतका मोठा की माइक फाटला. दुसऱ्यांदा तिसरा गडी दाराबाहेर उभा राहिला, फोन रुमालात गुंडाळून. ते नीट आलं. पण गेममध्ये आवाज फिरवून फिरवून लावला की दर फेरीला एक उचकी. एमपीथ्री करताना सुरुवातीला किंचित शांतता चिकटते, ती ही उचकी. ओजीजी केल्यावर गेली.

आईनं पाच मिनिटं ऐकून सांगितलं, “बंद कर. आयुष्यभर हेच ऐकलंय.” आवाज बंद करायचं बटण त्याच दिवशी टाकलं.

२ मार्च

एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर इन्स्टॉल करायची फाइल, तयार करून फोनवर टाकलं. लॅपटॉपवर सगळं ठीक, फोनवर लेव्हल सुरू झाली की गेम बंद. दोन दिवस आम्ही मेमरी कमी पडतेय असं समजून चित्रं लहान करत बसलो. शेवटी यूएसबी केबल जोडून लॉग (गेम चालताना होणाऱ्या चुकांची नोंद) वाचला. फाइल सापडत नाही म्हणे. धोट्याच्या चित्राच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल होतं, कोडमध्ये स्मॉल. विंडोजला फरक पडत नाही, एक्स्पोर्ट केलेल्या गेमला पडतो. आता सगळ्या फाइलींची नावं स्मॉल.

लॉग पहिल्या दिवशी वाचला असता तर दोन दिवस वाचले असते. केबल १५० रुपये.

१६ मार्च

प्ले स्टोअरवर टाकायचं ठरवलं होतं. खात्याचे एकदाच २५ डॉलर, म्हणजे साधारण २,२०० रुपये. त्यावर नवीन वैयक्तिक खात्याला किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात. आधी २० लागायचे, डिसेंबरमध्ये १२ झाले. बारा माणसं मिळतील, पण सलग चौदा दिवस? सबमिशन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. सोडलं. गोडो ४.३ पासून वेब एक्स्पोर्ट (ब्राउझरमध्ये चालणारा गेम) एका थ्रेडवर चालतो, तो इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर फुकट टाकला. लिंक पाठवली की लोक खेळतात, कुणाला काही इन्स्टॉल करायला लागत नाही. हे जानेवारीतच करायला हवं होतं.

याच आठवड्यातला घोळ : ज्या कीस्टोअरनं (एपीके आमचंच आहे हे पटवणारी डिजिटल किल्ली) एपीके साइन करत होतो ती फाइल फक्त तिसऱ्या गड्याच्या लॅपटॉपवर होती, आणि त्यानं लॅपटॉप फॉरमॅट केला. नवीन कीनं केलेलं एपीके जुन्यावर बसत नाही. ज्यांच्या फोनवर गेम होता त्यांना काढून परत टाकायला सांगितलं. सगळ्यांच्या लेव्हली पुसल्या गेल्या. चुलतबहीण दोन दिवस बोलली नाही, ती अकराव्या लेव्हलला होती. कीस्टोअर आणि पासवर्ड तीन ठिकाणी ठेवा. गिटहबवर उघडा ठेवू नका.

३० मार्च

पारा ४० च्या वर. दुपारी लॅपटॉप स्वतःच मंद होतो, लाईट गेली तर संपलंच. काम पहाटे पाच ते नऊ.

वेबवर ३१ जण खेळले. त्यांतले १९ जण पाचव्या लेव्हलला सोडून गेले. पाचवीत आम्ही पहिल्यांदा मागच्या बाजूची नक्षी देऊन पुढची विणायला सांगतो. रंगही उलटे, बाजूही उलटी, दोन्ही एकदम. सरांनी सुचवलं, आधी फक्त रंग उलटा, मग फक्त बाजू, मग दोन्ही. एका लेव्हलच्या तीन केल्या. त्यानंतर खेळलेल्या १४ जणांतले तिघंच तिथं अडले.

१२ एप्रिल

ब्लॅकबुक, म्हणजे प्रोजेक्टचा छापील अहवाल. ‘विषयाची निवड’ या प्रकरणात काय लिहायचं यावर अडलो, कारण ‘गेम हा अभ्यासाचा विषय आहे का’ हे एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक, विचारणारच. शोधताना स्कॉटलंडमधलं डंडी सापडलं. तिथल्या अबर्टे विद्यापीठानं १९९७ मध्ये कॉम्प्युटर गेमची पदवी सुरू केली. ग्रँड थेफ्ट ऑटो त्याच गावात, त्याच वर्षी तयार झाला. आणि हे डंडी म्हणजे मूळचं तागाच्या गिरण्यांचं गाव, ताग जायचा आपल्या बंगालमधून. गिरण्या बंद पडल्या. हे मी आजीला सांगितलं. आजोबा जुन्या मिलमध्ये होते, १८७७ ची मिल. ती म्हणाली, “मग तिकडच्या बायकांनी काय केलं?” ते पुस्तकात नव्हतं.

छपाईत एक घोळ. वर्डमधली फाइल तशीच दुकानात दिली, तिथं आमचा फॉन्ट नव्हता, मराठी स्क्रीनशॉटखालच्या ओळींचे चौकोन झाले. एक प्रत परत काढली. पीडीएफ करूनच द्या.

खर्च : रॅम १,९००, तीन प्रती १,३५०, परत काढलेली ४५०, पेट्रोल ६००, केबल १५०, ग्राफवही ४०. एकूण ४,४९०, तिघांत वाटून. चहाचा हिशोब तिसऱ्या गड्याकडे, तो देत नाही.

२२ एप्रिल

व्हायवा. एक्स्टर्नलनी डंडीबद्दल काही विचारलं नाही. फोन घेतला, चार लेव्हल खेळले, पाचवीत अडकले, आणि मागच्या बाजूचं गणित आपणहून बोलत बसले. मग विचारलं, “डेटाबेस कुठला वापरला?” मी सांगितलं, सेव्ह फाइल एकच आहे, डेटाबेस नाही. त्यांनी लिहून घेतलं. त्या शब्दाचे मार्क गेले असणार.

नंदीध्वज गेममध्ये आहे. विसाव्या लेव्हलची नक्षी तीच आहे, सोळा घरं रुंद. मैत्रिणीनं अकरा तासांचा तो चाळीस मिनिटांत काढला.

२७ एप्रिल

तात्यांकडे गेले, पेढे घेऊन. त्यांनी पेढा बाजूला ठेवला आणि फोन मागितला. एक ते आठ सरळ सोडवल्या. नवव्या लेव्हलला, मोठ्या फुलाच्या नक्षीवर, थांबले.

“हे चुकलंय.”

मी म्हटलं, “तात्या, अजून तुम्ही कुठं मारलंय?”

“माझं न्हाई, तुझं. फुलाच्या पोटात बघ, नऊ घरं एक बी भोक न्हाई. आडवा धागा एवढा मोकळा सुटला तर पायाच्या बोटात अडकंल. पोराच्या पायात अडकला तर चादर उसवती. मधी बांधावं लागतंय.”

खऱ्या डिझाईनमध्ये सलग रंग दिसला तरी आत ठरावीक अंतरावर एखादा धागा वर घेऊन बांधणी करतात. आम्ही वीस लेव्हली केल्या, ३१ अधिक १४ जण खेळले, दोन परीक्षक झाले, कुणाला दिसलं नाही.

रात्री कोडमध्ये तपासणी टाकली : ओळीत किंवा स्तंभात पाचपेक्षा जास्त घरं सलग एकाच रंगाची आली तर माग थांबतो आणि तो धागा लोंबताना दिसतो. मग आमच्याच लेव्हली त्यातून चालवल्या. सात नापास. नववीतलं फूल, बारावीतला मोर, आणि विसावीतला नंदीध्वज, ज्याची काठी उभी चौदा घरं सलग लाल आहे. फुलाच्या पोटात तीन भोकं वाढवून ते झालं. मोर मैत्रीण उद्या घेते. काठीचं काय करायचं ते तात्यांना विचारायला परवा परत जाणार आहे.